पावसाच्या दिवशी उघडणारं घर

१ जुलै, बुधवार

पोचले एकदाची. बसवाल्याने माझ्या दोन्ही बॅगा स्वतः उतरवल्या आणि विचारलं, आजीबाई, यात दगड भरलेत का. म्हटलं, जर्दाळूचा जाम आहे, अठरा बाटल्या. मग जाताना माझ्याच बसने जा, म्हणाला. हिंटरलान गावावर लख्ख ऊन होतं. कापलेल्या गवताचा वास, वरच्या कुरणातून गाईंच्या घंटा. समोरच्या उतारावर एक म्हातारी वाकून गवत ओढत होती, तिने मान वर न करताच हात हलवला.

खोली जुन्या शाळेच्या माळ्यावर मिळाली आहे. लाकडाला मेणाचा वास येतो, थेट ननांच्या शाळेतल्या झोपायच्या दालनाचा. सिस्टर अक्विनाटा आमच्या पायांना लोकरीची फडकी बांधून लांबलचक व्हरांड्यात घसरत जायला सांगायची. आम्हाला वाटायचं खेळ चाललाय, आणि तिची जमीन चकाचक व्हायची. साठी उलटली तरी हा वास आला की पाय आपोआप घसरायला बघतात.

पर्यटन कचेरीचा रोमेड प्लाटनर भेटायला आला. मी अहो म्हणाले तर हसला. हजार मीटरच्या वर अहो-जाहो कुणी करत नाही, बुर्गी, म्हणाला. काम सोपं आहे. लानहाउस हे चारशे वर्षांचं शेतकऱ्याचं घर. ते फक्त हवा बिघडली की उघडायचं. ऊन असलं की पाहुणे डोंगरावर जातात, पाऊस लागला की हॉटेलात बसून एकमेकांशी भांडतात. त्या वेळी त्यांना आपल्याकडे पाठवायचं. तुझा पगार ढग देतात असं समज, म्हणाला.

मी कशासाठी आले ते लिहून ठेवते. २५ तारखेला रोझा येणार आहे, माझी नात, आठवडाभर, एकटी माझ्याजवळ. चार वर्षांपूर्वी तळ्याकाठी माझा डोळा लागला आणि तीन वर्षांची रोझा पाण्यात गेली. एका परक्या माणसाने तिला बाहेर काढलं. तेव्हापासून युडिटने, माझ्या लेकीने, पोरीला माझ्याजवळ तासभरसुद्धा सोडलं नाही. बरोबरच केलं. या वेळी फोनवर म्हणाली, एक आठवडा, आई, फक्त एक. १ ऑगस्टला दुपारी मी न्यायला येईन. हा आठवडा नीट पार पडला तर ती दर उन्हाळ्यात येऊ देईल. मला दुसरं काही नको.

४ जुलै, शनिवार

पाऊस आला आणि नोकरी सुरू झाली. दहा वाजता दारात एकवीस माणसं, सगळ्यांची तोंडं अशी की पाऊस मीच पाडलाय. एकाने विचारलं, हे पाहून व्हायला किती वेळ लागतो, कारण जेवणाला अजून तीन तास आहेत.

घर मला आवडलं. धुराने काळं झालेलं स्वयंपाकघर, टाइल लावलेल्या मोठ्या चुलीची बैठकीची खोली, हातमाग, पाळणा. जमीन लार्च झाडाच्या लाकडी फळ्यांची, म्हणून दारात बूट काढून लोकरी सपाता घालायच्या. पेटीत चाळीस जोड आहेत. तेवढी माणसं आत चालत असली तरी आवाज होत नाही, फक्त कुणीतरी सारखं कागद कुरवाळतंय असं वाटतं.

वर उत्तरेची खोली आहे. पूर्वी वरच्या शेतांवर कुणी हिवाळ्यात वारलं की चर्चकडची वाट बर्फाखाली असायची. मग मृताला एका अरुंद फळीवर निजवून याच खोलीत ठेवत, वाट मोकळी होईपर्यंत, कधी कधी ईस्टरपर्यंत. इतकी वर्षं ती फळी भिंतीवर टांगलेली होती. रोमेडने आज ती उतरवून सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवली आणि पाटी लावली: झोपून बघा. पाहुण्यांना काहीतरी करायला लागतं, नुसतं बघून कंटाळतात, म्हणाला. पोस्टरसाठी आधी तोच आडवा झाला, सपाता घालून, छातीवर हात जोडून, एक डोळा मिचकावत. फोटो मी काढला. मग उठून पाय झाडले आणि जिना उतरून गेला.

शेजारची झेन्झी, पहिल्या दिवशी हात हलवणारी तीच म्हातारी, माझ्यासाठी ताक घेऊन आली होती. जिन्यात उभी राहून हे पाहिलं आणि ताक न देताच परत गेली.

९ जुलै, गुरुवार

सहावा दिवस पावसाचा. ढग गोठ्यांच्या छपरांपर्यंत उतरलेत. रोज तेच प्रश्न. डोंगरावर नेणारी लिफ्ट का बंद आहे. पोहण्याच्या तलावात इतकी गर्दी का. चीज करून दाखवण्याचा कार्यक्रम मंगळवारीच का, आज का नाही. मिठाच्या खाणीपाशी दोन तास रांगेत उभं राहून परत आलेलं एक कुटुंब माझ्यासमोर भांडलं. नवरा म्हणाला, मी आधीच म्हणत होतो समुद्रावर जाऊ. बायको म्हणाली, तू काहीच म्हणत नव्हतास, तू फोन बघत होतास. मग दोघं वर गेले. तो फळीवर झोपला आणि तिने फोटो काढला. म्हणाली, असाच राहा, शांत दिसतोस.

सपातांनी मात्र जीव मेटाकुटीला आणलाय. संध्याकाळी मी चाळीस जोड पेटीत मोजून ठेवते, आणि सकाळी काही जोड वर, उत्तरेच्या खोलीत. पहिल्यांदा एकच होता, सगळ्यात मोठा, सेहेचाळीस नंबरचा. आज पाच. फळीभोवती नीट मांडलेले, पुढची टोकं दाराकडे. सफाईवालीला विचारलं. ती म्हणाली, मला मेलेल्यांच्या खोलीत जायचे पैसे मिळत नाहीत, मी तिथे जातच नाही.

१४ जुलै, मंगळवार

रोमेड तक्रारीचं पत्र घेऊन आला. ब्रेमेनची ती बाई, समुद्रवाल्या नवऱ्याची. लिहिते की तुमच्या घरात फार गारठा आहे, माझ्या नवऱ्याला तेव्हापासून बरं नाही. चारचार पांघरुणं घेतली तरी ऊब येत नाही. बोलत नाही. दिवसभर दक्षिणेच्या खिडकीशी उभा असतो, डोंगरांच्या दिशेने. आम्हाला प्रवेशाचे पैसे परत हवेत.

रोमेड वैतागला. जुलैत घर गरम करायचं का आता, म्हणाला. स्वतः मात्र फुगीर हिवाळी जाकीट घालून उभा होता. म्हणाला, सर्दी झालीय, उतरत नाही.

मी चूल पेटवली. तीन तास लाकूड जाळलं. टाइलला हात लावला की चटका बसतो, आणि एक हात अंतरावर काही नाही.

१७ जुलै, शुक्रवार

हे लिहायची लाज वाटते. ननांच्या हाताखाली वाढलेली मी, भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या मुलीला सिस्टर अक्विनाटा जेवणानंतर भांडी घासायला लावायची.

फळीवर किती जण झोपले त्याची नोंद मी ठेवते, रोमेडच्या कचेरीला आकडे हवे असतात. आजपर्यंत अकरा, रोमेड धरून. आज सकाळी वर अकरा जोड होते. मधला एक लहान मुलीचा. बुधवारी एक डच मुलगी खिदळत झोपली होती, तिच्या मापाचा.

झेन्झीकडे गेले. तिने चीजचे गोळे घातलेलं सूप वाढलं आणि मला ते संपवू दिलं. मग म्हणाली, माझी आई त्या फळीवर सात आठवडे होती. मी नऊ वर्षांची. रोज सकाळी जाऊन सांगायची, आई, अजून बर्फ आहे. वाट उघडली तेव्हा चौघांनी फळी खाली आणली आणि उंबरठ्यावर तीनदा टेकवली. एकदा घराचा निरोप, एकदा माणसांचा, एकदा स्वतःचा. मग बाहेर. जो त्या फळीवर निजतो तो असाच बाहेर पडतो, बुर्गी. तुमचे पाहुणे उठतात आणि चालू लागतात. अर्धं माणूस खाली उतरतं, अर्धं दाराकडे तोंड करून उभं राहतं, कुणी उचलेल म्हणून.

मी म्हटलं, काहीतरीच काय, ते तर जिवंत होते. झेन्झी म्हणाली, फळीला काय कळतंय. तिला आजवर कुणी खोटंखोटं विचारलं नव्हतं.

२० जुलै, सोमवार

झेन्झीवर विश्वास नाही, तरी बघायला काय जातं म्हणून दारापाशी गेले. दाराला उंबरठाच नाही. इतके दिवस ये-जा करते आहे, लक्षातच आलं नव्हतं. सपाट सिमेंट, त्यावर रबराची पट्टी.

रोमेडने सांगितलं की मे महिन्यात काढला. बाबागाड्या अडकायच्या, चाकाच्या खुर्च्या अडकायच्या, आणि बिनअडथळ्याच्या घराचं प्रशस्तिपत्रक हवं होतं. ते मिळालंही, कचेरीत काचेत लावलंय. मी विचारलं, उंबरठा कुठे आहे. म्हणाला, कुजकट लार्च, कोण सांभाळणार. जूनच्या अयनाला, सगळ्यात मोठ्या दिवशी, कड्यावर होळ्या पेटवतात त्यात टाकला. सुंदर जळला, म्हणाला. मग जाकिटाची चेन हनुवटीपर्यंत ओढली.

फळी परत टांगायला सांगितलं. अर्ज कर, म्हणाला. मग मीच टांगली आणि पाटी उपटून चुलीत घातली. खोलीला कुलूप लावता येत नाही. आगीच्या नियमामुळे कुलूप काढून नेलंय.

२१ जुलै, मंगळवार

फळी घोड्यांवर. मी ठेवलेली नाही. रोमेड शपथेवर सांगतो त्यानेही नाही. आणि पाहुणे पाटी नसली तरी झोपतात, फोटो सगळीकडे पोचलेत. मी ओरडले तर एका बाईने नाव विचारून लिहून घेतलं.

युडिटला फोन करून सांगावं का की रोझाला पाठवू नकोस? काय कारण सांगू? ती म्हणेल, आई, तुला जमत नसेल तर तसं सांग. त्यानंतर पुन्हा कधीच नाही.

२५ जुलै, शनिवार

रोझा आली. पुढचे दोन दात पडलेत, बोलताना शिट्टी वाजते. जामची एक बाटली चमच्याने अर्धी संपवली. युडिट गाडीतून उतरलीसुद्धा नाही, पण काच खाली करून म्हणाली, थँक यू, आई. चार वर्षांत पहिल्यांदा.

पाऊस.

२७ जुलै, सोमवार

सुट्टी मागितली. रोमेड म्हणाला, या पावसात? तुझ्या सुट्टीसाठी ऊन पाडू का? रोझाला झेन्झीकडे ठेवलं असतं, पण झेन्झी बहिणीकडे खालच्या गावी गेली आहे, शुक्रवारी येणार. म्हणून रोझा माझ्याबरोबर लानहाउसमध्ये. चुलीजवळच्या बाकावर रंगवत बसते, मी दारातून तिला बघू शकते. वर जायचं नाही. तीनदा वदवून घेतलं. ती म्हणाली, आज्जी, तू कंटाळवाणी आहेस. म्हटलं, हो, आहे.

वर आता चौदा जोड.

२९ जुलै, बुधवार

दहा मिनिटं. जास्त नाही. बसभर माणसं एकदम आली, चाळीस छत्र्या, आणि एक गृहस्थ पाहुण्यांच्या कार्डावरच्या सवलतीसाठी हटून बसला. दुसऱ्या गावचं कार्ड होतं. मी त्याला समजावत होते, तो ऐकत नव्हता, मागचे ओरडत होते. मान वळवली तर बाक रिकामा, खडू पसरलेले.

वर धावले. रोझा फळीपाशी उभी होती, केस मागून चपटे झालेले. म्हणाली, ते म्हणाले अजून एकाला जागा आहे. मी विचारलं, कोण ते. तिने दाराकडच्या रिकाम्या जमिनीकडे बोट दाखवलं.

उचलून घेऊन पळाले. पळताना आठवलं नाही की असं नेऊन उपयोग नाही.

३० जुलै, गुरुवार

आज पंधरा. पंधरावा जोड पेटीतला सगळ्यात लहान.

रोझा खात नाही. गोड श्मार्न केलं, जाड धिरड्याचे तुकडे, तिच्या आवडीचं, मनुका घालून. बघते, खात नाही. हात तळ्यातून काढल्यासारखा. चार वर्षांपूर्वीही असाच होता. जामच्या दोन रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने भरून तिच्या कुशीत ठेवल्या. बाटल्या गार झाल्या, ती नाही झाली गरम.

खिडकीशी उभी आहे. लानहाउस इथून दिसतं.

डॉक्टर म्हणाले, हवा बदललीय, भरपूर पाणी द्या.

३१ जुलै, शुक्रवार

झेन्झी परत आली. रोझाला पाहिलं आणि रडली.

रोमेडही आला. न बोलावता. दोन जाकिटं घातलेली, ओठ निळे. उत्तरेच्या खोलीत जाऊन त्या मोठ्या जोडाशेजारी बराच वेळ उभा राहिला. खाली येऊन म्हणाला, लाकडाच्या वखारीतून उंबरठ्यासाठी नवी लार्च आणतो, आत्ता आणतो.

आणली. दारात बसवली. फळी तीनदा टेकवली, रिकामी, आधी बघू म्हणून. वरचे जोड हलले नाहीत.

झेन्झी म्हणते, नुसत्या लाकडाचा उंबरठा होत नाही. उंबरठा जाणाऱ्याला ओळखतो. धरतो आणि मग सोडतो. ज्याला सोडवत नाही असं काहीतरी लागतं दारात.

मी म्हटलं, असं काहीतरी आहे.

 झेन्झी म्हणाली, आणि तुला नंतर कोण उठवणार? म्हटलं, युडिट येईलच दुपारी.

१ ऑगस्ट, शनिवार

अकरा वाजलेत. पाऊस. रोमेडने दारावर बंद असल्याची पाटी लावली, आयुष्यात पहिल्यांदा पावसात.

युडिटसाठी लिहिते आहे. युडिट, मी झोपले नव्हते. या वेळी डोळा लागला नव्हता. फक्त मान वळवली होती.

मी दारात आडवी आहे, नव्या लाकडाच्या जागी. पाठीला सिमेंट. वही हातात धरलीय. वरून ते येताहेत, रोमेड पुढे, झेन्झी मागे, फळीवर रोझा. जिना उतरताना झेन्झी रोमेडला शिव्या देतेय, सरळ धर, गाढवा, पोरगी आहे, गवताचा भारा नाही.

एक. छातीवर. जड नाही. पोरगी हलकीच आहे.

दोन — जड. रोझाचं वजन एवढं नाही. रोमेड म्हणतो, मी जोर लावलेला नाही —

तीन. सोडवत नव्हतं. सोडलं.

बाहेर गेली. पावसात. झेन्झीने तिला उभं केलं. मला तिचे पाय दिसतात. म्हणाली, आज्जी, ओलं आहे. म्हणाली, भूक लागली. दातांतून शिट्टी वाजली.

युडिट, ती बरी आहे.

रोमेड फळीवर निजलाय. त्याला कोण उचलणार म्हणून विचारत होता. कुणी उचलायला नको. जिन्यावर सपाता. कागद कुरवाळल्यासारखा आवाज — सगळे उतरताहेत — आता त्यांना वाट आहे —

एकेक जण. पाय ठेवून जातो. ब्रेमेनचा. डच मुलगी. प्रत्येकाला धरायचं आणि सोडायचं. मोजते आहे. नऊ. दहा.

चौदा. सगळे गेले. रोमेड बाहेर पायरीवर बसून हसतोय की रडतोय, अंगात एकच सदरा.

उठायला गेले. पाठ लागत नाही. म्हणजे सिमेंट लागत नाही. कुठे मी संपते आणि कुठे —

झेन्झी हाताला धरून ओढतेय. तिला हात सापडत नाही. बोटं फक्त, पेन्सिलीपाशी —

गाडी. खाली वळणावर. युडिटची. रोझा हाक मारतेय, मम्मा, मम्मा.

धावत येतेय. झेन्झी, तिला सांग. तिथेच थांबव. रोझाला घेऊन जाऊ दे. मला उठवायला आत येऊ नकोस, युडिट. तुझा पाय पडला की मला धरावं लागेल, आणि तुला सोडायला मला —